प्लेटा नव्या, क्लच जुनाच

गाडीबरोबर पारदर्शक पिशवीत घातलेली दोन बिले आली होती. ती दोन वेगवेगळ्या वर्कशॉपची होती आणि दोन्हींवर कामाचे वर्णन जवळजवळ त्याच शब्दांत लिहिलेले होते: क्लचच्या फ्रिक्शन प्लेटांचा संच बदलला, कव्हरचे गॅस्केट बदलले, तेल बदलले, गाडी चालवून पाहिली, ठीक. गाडी ठीक नव्हती, म्हणूनच ती तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे आमच्याकडे आली होती. मालकाची तक्रार एका वाक्याची होती. चढावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिनाचे फेरे वाढतात, गाडीचा वेग मात्र वाढत नाही; म्हणजे क्लच घसरतो.

मी इंग्लंडमध्ये डर्बीजवळच्या एका लहान वर्कशॉपमध्ये मोटारसायकलींचे काम करतो. बाहेरच्यांना वाटते की आमचा दिवस इंजिने उघडण्यात जातो. प्रत्यक्षात तो गंजलेले बोल्ट न तोडता सोडवण्यात जातो, कारण इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्या सांध्यात शिरून बसते. उन्हाळ्यातल्या रविवारी मॅटलॉक बाथ या गावाच्या रस्त्यावर शेकडो मोटारसायकली उभ्या असतात आणि सोमवारपासून त्यांतल्या काही आमच्या दाराशी येतात. त्यांत मोठ्या, हवेने थंड होणाऱ्या जपानी गाड्या आता कमी कमी होत चालल्या आहेत. म्हणून ही यामाहा एक्सजेआर १३०० आत ढकलत आणली तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून मी तिच्याभोवती एक फेरी मारली, हे कबूल करायला हरकत नाही.

या गाडीविषयी थोडे विस्ताराने सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. जपानमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस लोक प्लॅस्टिकच्या आवरणात झाकलेल्या रेसिंग छापाच्या गाड्यांना कंटाळू लागले होते. १९८९मध्ये कावासाकीने झेफर आणली आणि उघड्या इंजिनाच्या, दोन मागच्या शॉकअब्सॉर्बरच्या, गोल हेडलाइटच्या साध्या गाड्यांची लाट सुरू झाली. यामाहाने त्या लाटेत १९९४ साली एक्सजेआर १२०० आणली. तिचे इंजिन नवे नव्हते; १९८४च्या एफजे ११०० या लांब पल्ल्याच्या गाडीपासून चालत आलेले ते चार सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन होते. १९९६मध्ये जपानमधले परवान्याचे नियम बदलले, मोठ्या मोटारसायकलीचा परवाना ड्रायव्हिंग स्कूलमधून मिळू लागला आणि मोठ्या गाड्यांना गिऱ्हाईक वाढले. १९९८मध्ये त्याच इंजिनाला ७९ मिलिमीटर बोअर आणि ६३.८ मिलिमीटर स्ट्रोक देऊन १२५१ सीसीची एक्सजेआर १३०० आली आणि पुढच्या वर्षी ती युरोपात पोहोचली.

आकडे पाहिले तर गाडी फारशी विलक्षण वाटत नाही. सुमारे १०६ अश्वशक्ती, पाच गिअर, २१ लिटरची टाकी आणि तेल-पेट्रोल भरून अडीचशे किलोच्या आसपास वजन. आजच्या सहाशे-सातशे सीसीच्या वॉटरकूल्ड गाड्याही ताकदीत तिच्या जवळ येतात. फरक आहे तो टॉर्कमध्ये. सुमारे शंभर न्यूटन-मीटरचा ओढा, आणि तोही इतक्या खालच्या फेऱ्यांपासून मिळतो की पाचव्या गिअरमध्ये ताशी तीस मैलांवरूनही ती कुरकुर न करता उचलते. इंजिनाची रचनाही पाहण्यासारखी आहे. जनरेटर क्रँकच्या टोकाला न बसवता सिलिंडरांच्या मागे बसवलेला आहे, त्यामुळे चार सिलिंडर आडव्या ओळीत असूनही इंजिन दोन्ही बाजूंना फार फुगत नाही. सिलिंडरांवरच्या फिन्स, म्हणजे वारा लागून उष्णता सोडणाऱ्या पातळ कडा, नुसत्या शोभेच्या नाहीत, खऱ्याखुऱ्या कामाच्या आहेत. पुढच्या ब्रेकचे निळ्या ठिपक्यांचे कॅलिपर यामाहाच्याच आर१ या स्पोर्ट्‌स गाडीसारखे आहेत, आणि काही आवृत्त्यांना मागे ओहलिन्सचे शॉकअब्सॉर्बर मिळाले. २००७मध्ये कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. धुराच्या प्रदूषणाची युरो ४ मानके लागू झाल्यावर युरोपात ही गाडी बंद झाली. आमच्याकडे आलेली गाडी चार मिकुनी कार्बोरेटरांची, म्हणजे त्या आधीची होती, आणि घड्याळात ५०,००० मैलांच्या पुढचा आकडा होता.

मालक सत्तरी ओलांडलेले, विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर काम केलेले गृहस्थ. अशा माणसाशी बोलणे सोपे असते, कारण ‘थोडेसे’ आणि ‘बरेचसे’ यांवर त्याचा विश्वास नसतो. क्लच कधी घसरतो असे विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की घरून निघाल्यावर पहिली पंधरा मैल कधीच नाही. त्यानंतर, आणि गाडी गावातल्या गर्दीतून बाहेर पडल्यावर सर्वांत जास्त. या उत्तरातच अर्धे निदान होते, आणि आधीच्या दोन वर्कशॉपनी हा प्रश्न विचारलाच नव्हता, असे त्यांच्याकडूनच कळले.

वॉटरकूल्ड इंजिनात थर्मोस्टॅट असतो, त्यामुळे तेलाचे तापमानही एका मर्यादेत फिरते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात उष्णता वाहून नेण्याचे मोठे काम तेलच करते. पुढे तेलाचा कूलर आहे, पण त्यालाही वारा लागतो. गाडी सिग्नलला उभी राहिली की वारा नाही आणि तेल तापत जाते. मोटारसायकलीचा क्लच, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारा, एकाआड एक दाबून धरलेल्या फ्रिक्शन आणि स्टील प्लेटांचा गठ्ठा, याच तेलात बुडालेला असतो. तेल तापून पातळ झाले की प्लेटांमधली पकड बदलते, आणि मुळात दाब काठावर असेल तर घसरणे सुरू होते. म्हणजे वर्कशॉपभोवती थंड गाडीवर एक चक्कर मारून ‘चालवून पाहिली, ठीक’ असे लिहिणे हे गाडी न चालवण्यासारखेच आहे. मी स्वतः आधी थंड गाडी चालवली; क्लच बिनचूक होता. मग मुद्दाम बाजारपेठेच्या गर्दीतून नेली, तेल पुरते तापू दिले आणि मॅटलॉकच्या पलीकडच्या चढावर पाचव्या गिअरमध्ये ताशी चाळीस मैलांवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला. टॅकोमीटरचा काटा थोडा चढला आणि एकदम सुटल्यासारखा वर गेला, स्पीडोमीटरचा काटा मात्र होता तिथेच रेंगाळला. वेगमर्यादा न मोडता ही परीक्षा होते, फक्त वेळ लागतो, आणि तो वेळ बिलात दाखवता येत नाही.

क्लच घसरला की प्लेटा बदलायच्या, हा आमच्या धंद्यातला एक आंधळा रिवाज आहे. प्लेटांचा संच तयार मिळतो, त्यावर नफा असतो, गिऱ्हाइकाला जुन्या प्लेटा दाखवता येतात आणि काळ्या तेलात भिजलेल्या जुन्या प्लेटा कोणाच्याही डोळ्यांना खराबच वाटतात. परंतु क्लचची पकड तीन गोष्टींवर ठरते: पृष्ठभागांचे घर्षण, पृष्ठभागांची संख्या व त्रिज्या, आणि त्यांना एकमेकांवर दाबून धरणारी स्प्रिंग. दुसरी गोष्ट कारखान्यात ठरलेली आहे. पहिली दोनदा बदलून झाली होती. तरीही दोन बिलांत स्प्रिंगचा उल्लेख नव्हता. उघडण्यापूर्वी तेलाची शंका तेवढी मी दूर करून घेतली, कारण इंधन वाचवणारी, घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली मोटारींची तेले ओल्या क्लचला मारक ठरतात. म्हणूनच जपानी जासो मानकात मोटारसायकलींसाठी ‘एमए’ हा वेगळा वर्ग आहे. मालकांच्या गॅरेजमधल्या तेलाच्या डब्यावर तो वर्ग छापलेला होता, हे त्यांनी फोटो काढून दाखवले.

या गाडीच्या क्लचमध्ये चार-सहा गुंडाळीच्या स्प्रिंगा नसतात. एकच बशीसारखी डायाफ्राम स्प्रिंग असते, एका कड्याखाली बोल्टांनी धरलेली. तिचा गुण असा की लिव्हर ओढत नेताना गुंडाळीच्या स्प्रिंगसारखा जोर सतत वाढत जात नाही, शेवटच्या टप्प्यात तो उलट हलका होतो. अवगुण असा की तिचे म्हातारपण डोळ्यांना दिसत नाही. मी कव्हर काढले, प्लेटा एकेक करून बाहेर काढल्या. फ्रिक्शन प्लेटा मायक्रोमीटरखाली जवळजवळ नव्या, तीन मिलिमीटरच्या आसपास. स्टीलच्या प्लेटा मात्र मूळच्याच होत्या आणि त्यांतल्या मधल्या काहींवर उष्णतेचे निळे डाग पडलेले होते. अचूक सपाट सरफेस प्लेटवर ठेवून खाली फीलर गेजची पातळ पट्टी घातली तर एक वाकलेलीही निघाली. ज्याने हे डाग पाहूनही त्याच स्टील प्लेटा नव्या फ्रिक्शन प्लेटांमध्ये परत बसवल्या, त्याच्याविषयी मी त्या क्षणी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही.

स्प्रिंगची मोकळी उंची मोजली. ती दिलेल्या किमान उंचीपेक्षा किंचित जास्तच भरली, म्हणजे नियमाप्रमाणे स्प्रिंग उत्तम. वर्कशॉपच्या पुस्तकांचा माझा जुना वाद इथेच आहे: क्लचच्या स्प्रिंगची उंची सांगतात, पण ती किती दाब देते हे सांगत नाहीत. स्प्रिंगचे काम दाबण्याचे असताना तिची उंची मोजून समाधान मानणे म्हणजे पैलवानाची ताकद फुटपट्टीने ठरवणे आहे. मी नवीन मूळ स्प्रिंग मागवली आणि ती आल्यावर दोन्ही स्प्रिंगा आळीपाळीने हायड्रॉलिक प्रेसखाली ठेवल्या. प्रत्येक वेळी खाली तीच रिंग, बाजूला डायल गेज, आणि दोन्ही स्प्रिंगा अगदी सारख्याच दाबायच्या. जुनी स्प्रिंग त्याच दाबलेल्या उंचीला स्पष्टपणे कमी बळ देत होती. आमच्याकडे शिकाऊ असलेल्या पोराला मी दाबमापकाचे आकडे स्वतः वाचायला लावले. हल्लीच्या पोरांना लॅपटॉप जोडून एरर कोड वाचता येतो, आणि त्यात ती माझ्यापेक्षा हुशार आहेत. पण ज्या दोषाला कोड नाही तो दोष त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

आता उपाय. एफजे आणि एक्सजेआर चालवणाऱ्यांमध्ये एक इलाज वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे: एका डायाफ्राम स्प्रिंगवर दुसरी ठेवायची. दाब भरपूर वाढतो, क्लच घसरण्याचे नाव काढत नाही. हा विचार मला परका नव्हता. इचलकरंजीत ज्या गॅरेजमध्ये मी शिकलो तिथे यामाहाचीच आरएक्स १०० हे मुख्य दैवत होते, आणि तिचा क्लच घसरू लागला की आमचे मिस्त्री स्प्रिंगांच्या बुडाशी वॉशर घालून त्या आणखी दाबून बसवत. क्लच धरायचा. लिव्हर जड व्हायचे, पण आरएक्स चालवणारी पोरे विशीतली असत आणि त्यांच्या मनगटांची कोणी चौकशी करत नसे.

मालक संध्याकाळी आले तेव्हा मी त्यांना दोन्ही स्प्रिंगा आणि प्रेसवरचे आकडे दाखवले. त्यांना मनापासून आनंद झाला. इतक्या वर्षांनी कोणीतरी मोजून बोलत होते. मी दुहेरी स्प्रिंगची शिफारस करून मोकळाही झालो. ते गेल्यावर शिकाऊ पोरगा हळूच म्हणाला, “सर, गाडी आणून लावली त्या दिवशी मी पाहत होतो. ते क्लच बोटांनी दाबत नव्हते. तळहाताचा खालचा भाग मुठीवर रोवून अख्खा हात मागे ओढत होते. आणि गिअर वर टाकताना त्यांनी क्लच धरलाच नाही.”

दुसऱ्या दिवशी मी फोन करून सरळ विचारले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले की डाव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, सकाळी जास्त असतो. वर जाताना ते क्लचशिवायच गिअर टाकतात, खाली येतानाच क्लच वापरतात. “माझ्या हातात अजून पुरेसे बळ आहे,” ते म्हणाले, “पण शिल्लक काही नाही.” आणि मग, जणू आताच आठवल्यासारखे, त्यांनी सांगितले की दुसऱ्या वर्कशॉपच्या मेकॅनिकने गाडी परत देताना त्यांना क्लचचे लिव्हर बऱ्याच वेळा दाबायला लावले होते, त्यांच्या हाताकडे पाहत राहिला होता आणि म्हणाला होता, “हे आहे असेच असू द्या, चढावर जरा सांभाळून चालवा.”

त्या वाक्यापासून मी हे प्रकरण डोक्यातून काढू शकलेलो नाही. ज्याला मी आळशी ठरवले होते त्याने स्प्रिंग पाहिली होती का? स्प्रिंग म्हातारी झाली आहे हे ओळखून, नवी घातली तर हा माणूस गाडी चालवू शकणार नाही, असा हिशेब त्याने केला होता का? की त्याला नुसते काम आटोपायचे होते आणि ते वाक्य म्हणजे गिऱ्हाइकाला वाटेला लावण्याची नेहमीची पद्धत होती? विचारायची सोय नाही. ते वर्कशॉप बंद झाले आहे. निळे डाग पडलेल्या स्टील प्लेटा त्याने तशाच ठेवल्या हे दुसऱ्या शक्यतेच्या बाजूने जाते. हात पाहत राहिला हे पहिल्या. पहिली शक्यता खरी असली तरी माझे मत असे आहे की ते त्याने मालकाला स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते. भरल्या रस्त्यावर एखाद्या ट्रकला मागे टाकताना क्लच घसरला तर काय होते, हे ठरवण्याचा अधिकार गाडीवर बसणाऱ्याला असतो आणि त्यासाठी त्याला आधी माहिती असावी लागते.

दुहेरी स्प्रिंग अर्थातच बाद झाली. आम्ही एकच नवी मूळ स्प्रिंग आणि स्टील प्लेटांचा नवा संच घातला. फ्रिक्शन प्लेटा त्याच ठेवल्या, कारण त्यांत काही दोष नव्हता आणि तिसऱ्यांदा त्यांचे पैसे घेण्याची मला लाज वाटली असती. राहिला लिव्हरच्या जोराचा प्रश्न. या गाडीचा क्लच केबलचा नाही, हायड्रॉलिक आहे. मुठीजवळच्या मास्टर सिलिंडरने ढकललेले हायड्रॉलिक तेल इंजिनाच्या डाव्या बाजूच्या स्लेव्ह सिलिंडरमधला पिस्टन सरकवते, आणि तो पिस्टन गिअरबॉक्सच्या पोकळ दांड्यातून जाणाऱ्या पुशरॉडने उजवीकडची, सगळ्या प्लेटा दाबून धरणारी प्रेशर प्लेट उचलतो. स्लेव्हचा पिस्टन मोठ्या व्यासाचा घातला तर तितक्याच उचलीसाठी हाताला कमी जोर लागतो. पण फुकट काही मिळत नाही: मोठ्या पिस्टनला तेवढे सरकवायला तेल जास्त लागते, मास्टर सिलिंडर एका दाबात ठरावीकच तेल देतो, म्हणून प्लेट कमी उचलली जाते. फार कमी उचलली तर क्लच पुरता सुटत नाही, न्यूट्रल सापडत नाही आणि गाडी सिग्नलला पुढे सरकू पाहते.

तरीही मोठ्या पिस्टनचा स्लेव्ह आम्ही घातला. व्यासात फार थोडा फरक असलेला निवडला, ओळीतली सगळी हवा काढण्यासाठी नेहमीपेक्षा जास्त वेळ दिला, कारण अशा जोडणीत हवेचा एक बुडबुडाही उचल खाऊन टाकतो, आणि कव्हर उघडे असतानाच प्रेशर प्लेटवर डायल गेज लावून उचल मोजली. ती पूर्वीपेक्षा कमी होती, पण प्लेटा सुटायला पुरेशी होती. मूठ आणि लिव्हर यांतले अंतर कमी-जास्त करता येईल असे लिव्हर बसवले. तेल तापवून त्याच चढावर त्याच गिअरमध्ये नेली तेव्हा दोन्ही काटे एकत्र वर गेले. सकाळी थंड तेलात पहिला गिअर टाकताना ‘ठक्‌’ असा आवाज पूर्वीपेक्षा मोठा येतो, ती या तडजोडीची किंमत. वर्कशॉपच्या मालकांना वाटले की प्रेसवरचा, चढावरचा आणि हवा काढण्यातला एवढा वेळ या एका गाडीवर घालवायला नको होता. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे बरोबर आहे.

गाडीचे मालक ती न्यायला आले तेव्हा त्यांनी उभ्या गाडीवर क्लच दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला. आधीपेक्षा जरा जड आहे, म्हणाले. मी हो म्हटले. दुहेरी स्प्रिंगने किती जड झाला असता हे त्यांनी विचारले, तेही मी सांगितले. मग त्यांनी विचारले, “हाताचे जे आहे ते आणखी वाढले तर?” या देशात सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण करावे लागते, पण आपली प्रकृती कशी आहे हे चालवणाऱ्याने स्वतःच भरून द्यायचे असते. एमओटी नावाच्या गाडीच्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंगच्या बेअरिंगा, चेन सगळे पाहतात. क्लच घसरतो का ते पाहत नाहीत, आणि क्लच दाबणारा हात तर कोणीच पाहत नाही. मी त्यांना एवढेच सांगितले की जुनी स्प्रिंग परत घालून देणार नाही. क्लच पुन्हा जड वाटू लागला तर आधी माझ्याकडे या, पिस्टनच्या व्यासात अजून किंचित जागा आहे, त्यानंतर मात्र माझ्याकडे काही उरत नाही. ते मान हलवून म्हणाले की लेथवरही शेवटचा कट असाच घ्यावा लागतो, किती शिल्लक आहे ते पाहून.

जुनी स्प्रिंग त्यांनी मागून घेतली. शिकाऊ पोराने तिच्यावर प्रेसचा आकडा आणि गाडीचे मैल खडूने लिहिले होते. त्यानंतर अशा इंजिनाच्या दोन गाड्या आल्या. दोन्हींच्या स्प्रिंगा त्याने मला न विचारता प्रेसखाली ठेवल्या. एक चांगली निघाली. दुसरीच्या मालकाला फोन करून त्याने आधी विचारले ते वय.